काचेची वहिनी

आमच्या दादाचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं आमच्या आईने आयुष्यभर निरनिराळ्या लोकांना निरनिराळी सांगितली, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं म्हणजे त्याने कधी मनावरच घेतलं नाही. पन्नाशी उलटल्यावर मात्र एक दिवस चार माणसांच्या मदतीने त्याने चार फूट लांब काचेची टाकी जिन्यावरून वर आणली, बाहेरच्या खोलीत लांब भिंतीशी लोखंडी चौकटीवर बसवली आणि तिच्याकडे असा काही बघत उभा राहिला की मी म्हटलं, "आली बाई एकदाची वहिनी घरात." तेव्हापासून तिला वहिनीच म्हणायचं ठरून गेलं. दादाला राग आला नाही. उलट पुढे तोच मला विचारायला लागला, "वहिनीचं पाणी आज जरा गढूळ वाटतंय का गं?"

मी त्याची धाकटी बहीण. माझं लग्न झालं आणि मोडलं, आणि मी दादाकडे राहायला आले ती कायमची. तो मला अजून चिमणे म्हणतो. स्टुलावर चढले तर स्टूल कुरकुरतं एवढी मी आता आहे, पण त्याला सांगून उपयोग नाही.

दादा कुलूपवाला आहे. पोस्टाच्या कोपऱ्यावर एका जिन्याखाली त्याचं दुकान. आत तो बसला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. किल्ल्या करून देतो, कुलपं दुरुस्त करतो आणि कुणी घराबाहेर अडकलं तर पिशवी घेऊन जातो. कुलपात बारीक सळई घातली की तो डोळे मिटतो. आतली एकेक खिट्टी कुठे अडते ते त्याला बोटांच्या टोकांना कळतं. त्याचं एक तत्त्व आहे: ज्याचं कुलूप त्याच्यासमोरच उघडायचं. एकदा एका गृहस्थांनी त्याला बायकोचं कपाट उघडायला बोलावलं. दादाने कपाट पाहिलं, पाणी मागून प्यायला आणि म्हणाला, "बाईसाहेब घरी आल्या की निरोप द्या, लगेच येतो." तो निरोप काही आला नाही.

आता ही टाकी का आणली, ते सांगते. लहानपणी दादाची छाती नाजूक होती. वर्षातून दोन-तीनदा तो अंथरूण धरायचा. तेव्हाच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, याला समुद्रकाठी न्या, समुद्राची हवा छातीला चांगली. आमच्या गावापासून समुद्र इतका लांब की आम्ही तो फक्त नकाशात निळा पाहिलेला. नेणं काही आईला जमलं नाही, आणि ती रुखरुख ती शेवटपर्यंत बोलून दाखवायची. दादा मोठा झाला तशी छाती आपोआप सुधारली, पण डॉक्टरांचं ते वाक्य त्याच्या डोक्यात घर करून राहिलं. टाकी आणली तेव्हा मी म्हटलं, मासेच पाळायचेत तर साध्या पाण्यातले पाळ, सोन्यासारखे दिसतात, एवढ्या उपद्व्यापाची गरज काय? तो म्हणाला, "साध्या पाण्याला काय करायचंय? खारं पाणी आलं की हवा आलीच."

आणि उपद्व्याप तरी किती. गाळलेलं पाणी पिंपात भरायचं, त्यात दुकानातून आणलेलं खास मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा, मग थोडं जुनं पाणी नळीने काढून नवं घालायचं. पंपांची घरघर अखंड. पाणी उडून टाकीच्या कडेला, चौकटीला, माझ्या पडद्यांना मिठाची पांढरी खरवड धरायची. मी लाँड्रीच्या काउंटरवर नोकरी करते, लोकांच्या कपड्यांवरचे डाग ओळखण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच घरच्या पडद्यांवर हे मीठ. पण हौसेपुढे कोण बोलणार?

मासे मात्र चांगले होते, हे कबूल केलं पाहिजे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी होती. त्यातली मादी नराच्या दीडपट, आणि सगळ्या टाकीवर तिचा वचक. दगडाच्या कुठल्या कपारीत कुणी बसायचं, आधी कुणी खायचं, हे तीच ठरवायची. तिला मी सासूबाई म्हणायचे. संध्याकाळी दादाने दार उघडलं, की सासूबाईंसकट सगळा गोतावळा काचेच्या त्या कोपऱ्याकडे धावायचा. दिवसभर लोकांच्या बंद दारांशी झटून आलेला तो माणूस, पिशवी खाली न ठेवता तसाच उभा राहून त्यांच्याशी बोलायचा. माझ्याशी बोलायचा त्यापेक्षा जास्त. मला तेव्हा त्याचा राग यायचा, पण तो सुखात आहे हेही दिसत होतं.

त्यांना खाऊ घालणं हा त्याचा सोहळा. गोठवलेल्या कोळंबीच्या आणि लाल अळ्यांच्या छोट्या वड्या मिळतात. माशांना गार लागेल म्हणून तो ती वडी मुठीत धरून विरघळवायचा. रविवारी सुकवलेली कोळंबी. ती तो दोन्ही तळहातांत चुरायचा, भुगा बारीक झाला पाहिजे म्हणून नाकाशी धरून बघायचा आणि मग टाकीवर वाकून चिमटी-चिमटीने सोडायचा. भुगा हवेत उडायचा. मी पदर नाकाला लावून आत निघून जायचे.

पहिल्यांदा त्याच्या हातांना खाज सुटली. बोटांच्या बेचक्यांत लाल गांधी उठायच्या, तासाभराने बसायच्या. तो म्हणाला, पितळेचा कीस लागतो. मग म्हणाला, कुलपात घालायचं तेल बदललंय. तेल पुन्हा बदललं, तरी खाज तशीच. पुढे डोळे चुरचुरायला लागले, नाक वाहायला लागलं. यावेळी त्याने माझ्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांवर संशय घेतला. मी गोळ्या फेकल्या, माझी एक चांगली लोकरी शाल कसरीने खाल्ली, आणि त्याचं नाक होतं तसंच वाहत राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी घरचा धुण्याचा साबण बदलला, त्याच्या उशीचे अभ्रे उकळून काढले. माझा सगळा धंदाच डाग शोधायचा, पण हा काही मला सापडेना.

मग छाती. जिना चढताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, घरात कुत्रं, मांजर, पोपट, काही पाळलंय? आम्ही दोघं एकदम म्हणालो, "छे, छे." माशाला ना केस ना पिसं. तो पाळीव प्राणी आहे हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं.

त्याच सुमारास आमच्या मावसभावाने बंदरावरच्या शहरात घर घेतलं आणि आम्हाला राहायला बोलावलं. दादाला साठीच्या उंबरठ्यावर समुद्र दिसला. आठवडाभर तो रोज किनाऱ्यावर चालला. शिट्टी बंद, खाज बंद, नाक कोरडं. भल्या सकाळी तो माझ्यापुढे चालायचा आणि मला म्हणायचा, "ये की लवकर, चिमणे." आईची आठवण काढून तो तिथे रडला. मीही रडले. लहानपणीचे ते डॉक्टर खरं बोलले होते, असं आम्हा दोघांना वाटलं.

आणि इथेच सगळा घोटाळा झाला. घरी परतलो, दोन दिवसांत शिट्टी पुन्हा सुरू. दादाने सरळ हिशेब मांडला: समुद्राची हवा मिळाली तर बरं, नाही मिळाली तर त्रास. म्हणजे हवा कमी पडतेय. त्याने टाकीवरचं झाकण काढून टाकलं. बुडबुड्यांचा पंप मोठा आणला. खुर्ची टाकीला लावली आणि कामावरून आला की पाण्यावर तोंड नेऊन खोल श्वास घ्यायला लागला. जितका दम लागे तितका तो टाकीजवळ सरके. मी म्हटलं, "दादा, उलटंच होतंय असं नाही का वाटत तुला?" तर म्हणाला, "औषध लागू पडायला वेळ लागतो."

एका रविवारी दुपारी त्याने सुकवलेल्या कोळंबीचा नवा डबा फोडला. त्या दिवशी त्याला बरं वाटत नव्हतं, म्हणून त्याने महिन्याभराच्या रविवारांचा भुगा एकदमच करून ठेवायचं ठरवलं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाहेरून खोकला आला, मग खोकलाही येईना. बाहेर आले तर दादा खुर्चीत, दोन्ही हातांनी टाकीची कड धरलेली, ओठ सुजून दुप्पट झालेले, मान आणि कान लालबुंद. मी त्याला ओढायला लागले, तर तो मानेनेच नको म्हणतोय. मोठ्या कष्टाने म्हणाला, "जरा... हवा घेऊ दे."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर जबरदस्ती केली. बखोटीला धरून त्याला दाराबाहेर काढलं, शेजाऱ्यांना हाक मारली, त्यांनी गाडी काढली. दवाखान्यात सुई टोचली, वाफ दिली. अर्ध्या तासाने त्याचे ओठ उतरायला लागले तेव्हा कुठे मी घाबरले. तोवर मला भीती वाटायला फुरसतच मिळाली नव्हती.

तिथून आम्हाला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मुलगी वयाने माझी लेक शोभेल एवढी, पण विचारपूस अशी की पोलिसाने शिकावी. दादाच्या हातावर पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी वेगवेगळ्या पदार्थाचा एकेक थेंब ठेवून सुई टेकवली आणि म्हणाली, आता थांबायचं. आम्ही बसून त्या हाताकडे बघत राहिलो. बाकीचे ठिपके गप्प होते. कोळंबीचा ठिपका फुगून वालाच्या दाण्याएवढा झाला, आणि शेजारचा अळ्यांचा त्याच्या पाठोपाठ.

"माशांना खायला कोण घालतं?" तिने विचारलं.

"मी," दादा म्हणाला.

"कसं घालता? करून दाखवा बरं."

दादाने दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले, नाकाशी नेले आणि चिमटी सोडली. मी कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तिने नीट समजावून सांगितलं. पाण्याचा दोष नाही, मिठाचा नाही, माशांचाही नाही. खाण्याचा आहे. हाताला लागतं, हवेत उडतं, श्वासातून आत जातं. समुद्रावर बरं वाटलं कारण तिथे कोळंबी चुरायची नव्हती. टाकी घरातून गेली तर सगळ्यात बरं. तेवढं नसेल जमत तर सुकं खाणं बंद, माशांना दुसऱ्या कुणीतरी खायला घालायचं, हातमोजे घालून, खिडक्या उघडून, आणि तेव्हा यांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तयार गोळ्यांचं मी विचारलं, तर म्हणाली त्यांतही बहुतेक कोळंबीचंच पीठ असतं. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही उघड्या हाताने करू नका हं, मावशी. अशी प्रकृती भावंडांत असू शकते."

घरी आल्यावर दादा टाकीपासून लांब, दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "काढून टाकू."

मला आनंद व्हायला हवा होता. पडदे माझे, शाल माझी, घरघर मी ऐकलेली. पण त्याचा चेहरा बघून मला धडकी भरली. हा माणूस निवृत्त होणार नाही, कुठे जाणार नाही, याला मित्र नाहीत. टाकी गेली तर संध्याकाळी येऊन हा नुसता भिंतीकडे बघत बसेल आणि वर्षभरात म्हातारा होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "मी घालते खायला. त्यात काय एवढं?"

"तुला तर त्यांचा वीट आलाय."

"वीट आलाच आहे. खायला घालायला प्रेम कशाला लागतं?"

तसं सुरू झालं. सकाळी दादा दुकानात गेला की मी खिडक्या उघडायचे, पिवळे रबरी हातमोजे चढवायचे आणि वडी वाटीत विरघळवून सोडायचे. दुपारपर्यंत खोली मोकळी हवेशीर. संध्याकाळी दादा येई, मासे काचेशी धावत, तो बोले. शिट्टी बंद झाली. हातही निवळले. दुकानावर एक अवघड तिजोरी आली होती, ती त्याने दोन दिवस खपून उघडली आणि मला फोन करून सांगितलं. आता सगळं सुरळीत होईल असं वाटलं.

पण सासूबाईंना पिवळे मोजे पटेनात. हात पाण्याजवळ गेला की सगळा परिवार दगडामागे. खाणं तळाला जाऊन कुजायचं, पाणी बिघडायचं, दादा संध्याकाळी विचारायचा, "खाल्लं का गं त्यांनी?" मी थापा मारायचे. एक दिवस वैतागून मी मोजे काढले आणि उघडी बोटं पाण्यात धरली. सासूबाई आल्या. आधी लांबून पाहिलं, मग चिमटीतून एक तुकडा घेतला आणि माझ्या बोटालाच एक बारीकसा चावा घेतला. दुखलं काही नाही. मला हसू आलं. एवढ्या मोठ्या बाईने रिकाम्या घरात माशाला हसावं, हे कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं?

त्यानंतर मोजे खिळ्यालाच लटकत राहिले. डॉक्टरीणबाईचं बोलणं मला आठवत होतं, नव्हतं असं नाही. पण सासूबाई रोज यायच्या, त्यांच्यामागून त्यांचे यजमान यायचे, आणि मी कामावर निघायच्या आधी दहा मिनिटं तिथे हात घालून उभी राहायचे. माझ्या हातून कुणी इतक्या भरवशाने खाल्लं नव्हतं.

पावलीएवढा लाल चट्टा मनगटावर उठला तेव्हा मी लांब बाह्यांचे ब्लाउज कपाटातून बाहेर काढले. लाँड्रीत काम करणाऱ्या बाईच्या हाताला पुरळ, यात कुणाला नवल वाटणार? शिंका यायला लागल्या, त्या मी कामावर देऊन यायचे. दादाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं की तो टाकी काढणार, आणि टाकी गेली की तो खचणार, एवढं माझं साधं गणित होतं. तोंडात तीळ न भिजणारी मी, पण ही गोष्ट पोटात ठेवली.

पण ज्या माणसाला कुलपाच्या आतलं न बघता कळतं, त्याच्यापासून बहिणीची बाही किती दिवस लपणार? एका संध्याकाळी मी चहाचा कप पुढे केला, बाही जराशी वर सरकली. त्याने पाहिलं. कप घेतला, चहा प्यायला, चहा चांगला झालाय म्हणाला. बस्स. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर घर गप्प होतं. इतक्या वर्षांची घरघर बंद झालेली दारातूनच कळली. लांब भिंत मोकळी, तिच्यावर चार फूट लांब फिका चौकोन, आणि दादा ओल्या फडक्याने फरशीवरचं मीठ पुसत गुडघ्यांवर बसलेला. चष्मेवाल्यांच्या दुकानात दिली म्हणाला. त्यांच्या शटरचं कुलूप तोच बघतो, त्यांना दर्शनी भागात काहीतरी हवंच होतं, माणसं ओळखीची आहेत, मासे नीट पोचले.

मी फार बोलले. मला विचारलंस का, मी एवढं केलं ते कशासाठी, स्वतःचे ओठ सुजून दुप्पट होईपर्यंत त्या टाकीची कड सोडली नाहीस आणि आता माझ्या एका चट्ट्यासाठी एका दुपारीत सगळं उचलून दिलंस. त्याने सगळं ऐकून घेतलं. फडकं बादलीत पिळलं.

"माझं मी बघून घेतलं असतं, चिमणे," तो म्हणाला. "तुझं मी कसं बघू?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं सांगायचं तर राग अजून गेलेला नाही, आणि मी त्याच्यासाठी लपवलं ते मात्र बरोबरच होतं असं मला अजून वाटतं. तो म्हणतो, दोघंही एकाच आईची, दुसरं काय होणार. तो खचला नाही, हे सांगायलाच हवं. पण संध्याकाळी आला की दाराशी क्षणभर थांबतो, आणि मी काहीतरी बोलायला लागते, भाजी काय केली, कोण आलं होतं. मला काही सुचलं नाही तर तो विचारतो.

परवा दादाचा चष्मा बदलायचा होता, म्हणून दोघं त्या दुकानापाशी गेलो. टाकी दर्शनी काचेच्या मागेच ठेवली आहे, दिवे चांगले लावलेत, पाणी आमच्या घरी होतं त्यापेक्षा स्वच्छ. चष्मेवाल्यांची मुलगी हातमोजे घालून खाऊ सोडत होती, आणि सासूबाई तिच्या हाताखाली घिरट्या घालत होत्या. मोज्यांचा रंग काळा, तो चालतो वाटतं त्यांना. मुलीने आम्हाला पाहिलं आणि आत या म्हणून हाताने खुणावलं. "तिचं होऊ दे आधी, मग जाऊ," दादा म्हणाला. मला तेव्हाच आत जायचं होतं. पण दादाने माझी बाही धरून ठेवली होती, आणि मी ती सोडवून घेतली नाही.